पाणी किती फूट, आणि प्रश्न कुणाला?

कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत ओळखीच्या एका मूर्तिकार काकांचा कारखाना आहे. आत शिरल्या शिरल्या डाव्या भिंतीवर गेरूने ओढलेल्या तीन रेघा दिसतात. पहिली गुडघ्याशी, तिच्यापुढे लिहिलंय २००५. दुसरी माझ्या डोक्याच्या वर, २०१९. तिसरी तिच्याहून वीतभर उंच, २०२१. पहिल्या आणि दुसऱ्या रेघेत चौदा वर्षांचं अंतर, दुसऱ्या आणि तिसऱ्यात दोनच. पूर येतो तोही नेमका गणपतीच्या तोंडावर. रंगाला आलेल्या मूर्ती रात्रीतून माळ्यावर चढवायच्या, कारण शाडूची मूर्ती पाण्यात गेली की तिची परत माती होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या प्रचारात एक उमेदवार पदयात्रेतून या कारखान्यात डोकावले. गळ्यात शेला, मागे हलगी. काकांनी रेघा दाखवल्या. उमेदवार हात जोडून म्हणाले, "काका, हे ग्लोबल वॉर्मिंग. जगाचा प्रश्न झालाय हा. निसर्गापुढं कुणाचं चालतंय?"

काका हाताची माती पुसत म्हणाले, "व्हय, खरं हाय. पण मग तुम्ही कशापुरतं उभारलायसा?"

हशा पिकला, हलगी पुढे गेली. प्रश्न मात्र तिथंच राहिला, आणि तो चेष्टेचा नव्हता. पुराचा कोणता भाग आभाळाच्या हातात आहे आणि कोणता माणसांच्या? आणि माणसांच्या हातातला असेल, तर नेमका कुणाच्या? हे माहीत नसेल तर "हवामान बदल" हा शब्द उमेदवाराला छत्रीसारखा वापरता येतो. उघडली की खाली कोरडा.

आभाळाचा वाटा

हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं. अरबी समुद्र तापतो आहे, तिथलं बाष्प घेऊन येणारे वारे सह्याद्रीला थडकतात आणि रिकामे होतात. त्यामुळे वर्षाचा एकूण पाऊस फार बदलला नाही, तरी पडायची रीत बदलते. आठ दिवसांची रिपरिप दोन दिवसांत कोसळून मोकळी होते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रासह मध्य भारताच्या पट्ट्यात, मोठ्या भूभागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्याचं त्यात दिसलं.

म्हणजे २०१९ चा पूर हवामान बदलाने आणला का? असं एका वाक्यात सांगता येत नाही. तालमीतल्या पैलवानाचा खुराक वाढवला तर तो वर्षभरात जास्त कुस्त्या मारतो. पण कालची कुस्ती त्याने थंडाईमुळे मारली की समोरच्याचा पाय घसरला म्हणून, हे वस्तादही छातीठोकपणे सांगणार नाही. आपल्या पावसाला खुराक मिळाला आहे, एवढं नक्की.

पाऊस कितीही पडो, त्याचा पूर कुठे होईल हे जमीन ठरवते. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, शिरोळमध्ये पाचशेच्या आसपास. तरी आठ-आठ दिवस पाण्यात बसतं ते शिरोळ. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावतीचं पाणी प्रयाग चिखलीला एक होऊन पंचगंगा बनते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत जाते. कृष्णाच काठोकाठ असेल तर ती हे पाणी लवकर आत घेत नाही, मग ते तुंबून मागे सरकतं. त्यालाच आपल्याकडे फुगवटा म्हणतात. गगनबावडा लोकसभेला कोल्हापूर मतदारसंघात, शिरोळ हातकणंगल्यात. पाऊस एका खासदाराकडे पडतो आणि पूर दुसऱ्याकडे येतो. जिल्ह्यात विधानसभेचे दहा मतदारसंघ आहेत, नदीला त्यातला एकही माहीत नाही.

पंचवीस वर्षांतून एकदा

जुलै लागला की कोल्हापुरात "जेवलास का" च्या आधी "किती फूट झालं?" विचारतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये ५६ च्या वर. हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पण दोन रेषा अशा आहेत, ज्या फार कमी जणांना ठाऊक असतात, आणि राजकारण खरं त्यांच्यावर चालतं.

सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं, ती निळी रेषा. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांमधली जागा निषिद्ध. बाग, वाहनतळ, मोकळा भाजीबाजार असल्या गोष्टी सोडल्या तर तिथं नवं बांधकाम नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट, वर हवं. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हे आहे. त्याच नियमावलीत एक खिडकीही आहे. निळ्या रेषेच्या आतली जुनी अधिकृत इमारत पाडून तिथं पुनर्विकास करता येतो, जोतं उंच धरलं की झालं.

आता "पंचवीस वर्षांतून एकदा" या शब्दांची गंमत बघा. ऐकणाऱ्याला वाटतं, २०१९ ला येऊन गेला, आता २०४४ पर्यंत घोर नाही. दोनच वर्षांनी २०२१ आलं. या शब्दांचा खरा अर्थ असा की दर वर्षी चार टक्के शक्यता. पाणी मागची तारीख लक्षात ठेवत नाही. असा पूर पंचवीस वर्षांत निदान एकदा यायची शक्यता धरली तर ती होते ६४ टक्के. लाल रेषेवर फ्लॅट घेऊन तीस वर्षांचं कर्ज काढलं, तर हप्ते फिटायच्या आत "शंभर वर्षांतला" पूर बघायची शक्यता २६ टक्के. चार घरांतल्या एकाने बघायचा. आणि हा हिशेब जुन्या पावसावर बेतलेल्या रेषांचा. पाऊस बदलला तर रेषा पुन्हा आखाव्या लागतात. आखल्या की कुणाचा तरी प्लॉट आत जातो, आणि तो प्लॉटवाला साहेबांना भेटायला जातो. हवामान धोरण म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा ही भेट.

कोण कशाचा धनी

बारकाईने बघावं असं पहिलं ठिकाण राधानगरी. शाहू महाराजांनी हाती घेतलेलं हे धरण, साठा ८.३६ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि सात स्वयंचलित दरवाजे. बटण दाबायला कुणी लागत नाही. पाणी ठरावीक पातळीला आलं की दरवाजा आपोआप उघडतो आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक सुटतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. सातही उघडले तर दर सेकंदाला दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर रिकामे होतात. त्या काळी हे अजब काम होतं, आजही बघायला गर्दी होते. पण दरवाजे उघडतात ते धरण भरल्यावर. पुढचा मोठा पाऊस येणार म्हणून आधीच जागा करून ठेवणं या दरवाजांना जमत नाही. म्हणून "दरवाजे कुणी उघडले?" हा प्रश्नच चुकीचा. बरोबर प्रश्न असा की कोणत्या तारखेला धरणात किती पाणी ठेवायचं, याचं वेळापत्रक कुणी ठरवलं, कोणत्या काळातल्या पावसावर ठरवलं आणि शेवटचं कधी बदललं? ते जलसंपदा विभाग ठरवतो. पाणी हा राज्यसूचीतला विषय आहे, म्हणजे याचं उत्तर मंत्र्यांनी विधानसभेत द्यायचं आणि ते तिथं मागायचं आमदारांनी.

दोन राज्यांतून वाहणाऱ्या नदीचं नियमन केंद्राकडे जातं. कृष्णेवरचं कर्नाटकातलं अलमट्टी धरण त्यात येतं, ज्याच्या फुगवट्याने इकडे पूर वाढतो असा आरोप होतो. कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्ये अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला मुभा दिली आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टी आणि नदीकाठची अतिक्रमणं यांवर बोट ठेवलं, अलमट्टीला मुख्य दोषी धरलं नाही. हा निष्कर्ष सांगली-कोल्हापुरात अनेकांना मान्य नाही आणि वाद चालू आहे. माझं म्हणणं वेगळंच आहे. प्रचारात अलमट्टी फार सोयीची, कारण दोषी शेजारच्या राज्यात सापडतो आणि तिथल्या कुणाचं मत इथं नसतं. अलमट्टीबद्दल जरूर विचारा, पण खासदाराला. नगरसेवक त्यावर बोलायला लागला की समजावं, नाल्याचा विषय टाळतोय.

राष्ट्रीय महामार्गही केंद्राचा. २०१९ आणि २०२१ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. पूरक्षेत्रात रस्ता भराव टाकून न्यायचा की खांबांवर उचलायचा, हा निर्णय दिल्लीच्या फायलीत होतो.

बांधकाम परवाना, नाले आणि पूररेषेची अंमलबजावणी शहरात महापालिकेकडे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत पालिकांसाठी अठरा विषय दिलेत, त्यात पहिलाच नगररचना. आणि इथंच आपल्या लोकशाहीला मोठं भगदाड पडलं होतं. महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढे पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक होते. जुलै २०२१ मध्ये शहर बुडालं तेव्हा पदावर एकही नगरसेवक नव्हता. ज्याला पुढच्या वेळी पाडता येईल असा माणूसच नव्हता. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्याप्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष लोकांनी निवडलेला प्रतिनिधी, म्हणजे जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. जिल्हा परिषदेची मुदतही मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथंही प्रशासक बसले. प्रशासक कामाला वाईट असतात असं नाही, काही फार चांगले असतात. पण त्यांची बदली होते, पराभव होत नाही.

आणि तो "जगाचा प्रश्न"? तोही कुणाच्या तरी नावावर आहे. २०७० पर्यंत देशाचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणू, असं भारताने २०२१ मध्ये ग्लासगोला जाहीर केलं. २०३० पर्यंत उत्पन्नाच्या दर रुपयामागचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करू, हे २०२२ मध्ये लिहून दिलं. २०७० चा हिशेब द्यायला आज व्यासपीठावर बसलेलं कुणी नसेल, म्हणून २०३० चा विचारावा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सांगितलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकाचा हक्क आहे आणि तो समतेच्या व जगण्याच्या हक्कातून येतो. निकाल पक्ष्याच्या निमित्ताने आला, पण कुंभार गल्लीलाही लागू आहे.

मदत दिसते, तयारी दिसत नाही

२०१९ चा पूर ऑगस्टमध्ये आला, विधानसभेचं मतदान २१ ऑक्टोबरला झालं. मधल्या अडीच महिन्यांत ग्रामीण भागात कुटुंबाला दहा हजार, शहरात पंधरा हजार रुपये सानुग्रह अनुदान जाहीर झालं. दोन दिवसांहून जास्त काळ पाण्यात असलेल्यांनाच मोफत धान्य, अशी अट असलेला शासन निर्णय बाहेर आला आणि लोक संतापले. घर दीड दिवस बुडालं तर गहू वाळतो का, असं लोक विचारत होते. दहा हजार रुपये ही दिसणारी गोष्ट आहे. बँकेत येतात, कुणी दिले ते ध्यानात राहतं. याउलट न झालेला पूर कुणाच्याच ध्यानात राहत नाही. नाला वेळेवर रुंद केला आणि पाणी गल्लीत आलं नाही, तर त्याचा फोटो कशाचा काढणार?

ही खोड फक्त आपली नाही. अमेरिकेतल्या दोन राज्यशास्त्रज्ञांनी तिथली निवडणुकांची आणि आपत्तीखर्चाची आकडेवारी ताडून २००९ मध्ये दाखवलं की मतदार मदत वाटणाऱ्याला मत देतात, पण आधी तयारी करणाऱ्याला देत नाहीत. तयारीवर खर्च केलेला एक डॉलर पुढचं सुमारे पंधरा डॉलरचं नुकसान वाचवतो, असा त्यांचा अंदाज होता. पंधरापट परतावा आहे आणि मत शून्य. मग पुढारी काय करणार? तो वेडा नाही. तो आपल्याकडूनच शिकतो.

सरकारी तिजोरीची विभागणीही बघा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीचे भाग पाडले. ८० टक्के आपत्तीला तोंड देण्यासाठी आणि नंतरच्या उभारणीसाठी, २० टक्के धोका कमी करण्यासाठी. तो २० टक्क्यांचा वेगळा कप्पा हीच सुधारणा म्हणायची.

मतांचा दाब चालतो, याचा दाखलाही घरचाच आहे. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. सुपीक जमीन जाते हे एक, आणि भराव पडला की पुराचं पाणी अडेल हे दुसरं. मे २०२४ च्या लोकसभेत हा मुद्दा गाजला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, कोल्हापुरातल्या भूसंपादनाची अधिसूचना सरकारने मागे घेतली. गुलाल उधळून झाला आणि विषय पुन्हा टेबलावर आला. निवडणुकीआधी मिळालेलं निवडणुकीनंतर टिकवायचं असेल तर पाठपुरावाही निवडणुकीनंतरच करावा लागतो, आणि तेव्हा तांबडा-पांढरा कुणी वाढत नाही.

हातात काय आहे

जाहीरनाम्यातलं वचन मोडलं म्हणून कुणाला कोर्टात खेचता येत नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने आचारसंहितेत जाहीरनाम्याचा भाग घातला. वचन का देताय आणि पैसा कुठून आणणार, हे पक्षाने ढोबळमानाने सांगायला हवं. "पूरमुक्त कोल्हापूर" असं छापलेलं दिसलं की पुढचीच ओळ शोधा. ती नसतेच, असा माझा अनुभव.

उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र लोक वाचतात ते सोनं किती आणि गुन्हे किती यासाठी. त्यात जमिनीचं ठिकाण आणि गट नंबरही असतो. पूररेषेचा नकाशा शेजारी ठेवा आणि दोन्ही जुळवून बघा. नदीकाठी शेतजमीन असणं गुन्हा नाही, आपल्या निम्म्या जिल्ह्याची असते. पण निळी रेषा सरकवण्याची मागणी करणाऱ्या माणसाची जमीन त्या रेषेच्या कुठल्या बाजूला आहे, हे मत देण्याआधी कळलेलं बरं.

जुन्याच माणसाला पुन्हा मत द्यायचं असेल तर लोकसभेच्या संकेतस्थळावर खासदाराच्या नावाने त्यांनी विचारलेले प्रश्न सापडतात. पूर, महामार्ग, अलमट्टी शोधायला दहा मिनिटं लागतात. जिल्हा आपत्ती आराखडा कायद्याने दर वर्षी तपासून अद्ययावत करायचा असतो. यंदाचा कधी केला, हे माहिती अधिकारात विचारलं तर तीस दिवसांत उत्तर यायला हवं. म्हणून अर्ज एप्रिलमध्ये टाकायचा. जुलैत टाकला तर उत्तर येईपर्यंत आपण माळ्यावर.

महापालिकेच्या प्रचारात काकांनी आभाळाचा विषयच काढला नाही. गल्लीच्या मागच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर मुरमाचा भराव पडलाय. प्रचाराला आलेल्या एका ताईंना त्यांनी तेवढंच विचारलं, "हे निळ्या रेषेच्या आत हाय का भाईर?" ताईंना सांगता आलं नाही, पण त्यांनी नंबर घेतला. दोन दिवसांनी काकांच्या व्हॉट्सॲपवर नकाशाचा फोटो आला, भरावाच्या जागेभोवती लाल पेनने गोल केलेला. तो गोल निळ्या रेषेच्या आत होता. काकांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याची मोठी प्रत काढून आणली आणि भिंतीवर चिकटवली, २०२१ च्या रेघेच्याही हातभर वर, भिजू नये म्हणून.